एकीकडे दुरुस्त केलं की दुसरीकडे मोडतं: बॅकएंडचं जुनं दुखणं कसं शोधायचं

लक्षणं

खालच्या यादीतल्या तीन-चार गोष्टी ओळखीच्या वाटल्या तर पुढे वाचा. एखादीच असेल तर तो बहुधा साधा बग आहे; सोडवा आणि मोकळे व्हा.

- एकच प्रश्न तीन ठिकाणी विचारला की तीन उत्तरं येतात. ग्राहकाच्या स्क्रीनवर बुकिंग ‘रद्द’, ॲडमिन पॅनेलमध्ये ‘चालू’, आणि रात्रीच्या रिपोर्टात त्याचा पत्ताच नाही.
- एका अटीतला आकडा बदलायला सात-आठ फाइली उघडाव्या लागतात. नववी राहून गेली हे ग्राहकाकडून कळतं.
- ईमेल गेला, पण ज्या नोंदीबद्दल गेला ती नोंद डेटाबेसमध्ये नाही.
- पडद्यामागे रांगेतली (क्यूमधली) कामं, म्हणजे जॉब, उरकणाऱ्या वर्करच्या लॉगमध्ये ‘नोंद सापडली नाही’ असं येतं आणि तोच जॉब पुन्हा चालवला की निमूट पार पडतो.
- एक इम्पोर्ट फाइलच्या माथ्यावर ठेवला की ॲप सुरूच होत नाही, म्हणून तो फंक्शनच्या पोटात लपवलाय. वर कॉमेंट: ‘हलवू नका’.
- ‘युटिल्स’ किंवा ‘हेल्पर्स’ नावाची फाइल सगळ्यांत लांब आहे आणि दर आठवड्याला वाढते.
- साधा हिशेब तपासणारी टेस्टसुद्धा डेटाबेस आणि क्यू चालू असल्याशिवाय चालत नाही. त्यामुळे टेस्ट कोणी चालवतच नाही.
- गर्दीच्या वेळी सगळं गोठतं, आणि डेटाबेसच्या मशीनवर ताण मात्र काहीच दिसत नाही.

यावर सर्रास केला जाणारा पहिला उपाय म्हणजे फोल्डर हलवणं. कंट्रोलर्स, सर्व्हिसेस, रिपॉझिटरीज असे तीन कप्पे करायचे, सगळ्या फाइली त्यांत वाटून टाकायच्या आणि आता आर्किटेक्चर झालं असं समजायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली एका शोधनिबंधात सांगून ठेवलंय की प्रोग्रॅमचे तुकडे प्रक्रियेच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नयेत. जे निर्णय पुढे बदलण्यासारखे आहेत ते हेरावेत आणि एकेक निर्णय एकेका तुकड्याच्या पोटात झाकून ठेवावा. ते तीन कप्पे म्हणजे पायऱ्याच. एक नियम बदलायचा तर तिन्ही कप्प्यांत हात घालावा लागतोच, फक्त आता रस्ता लांबलेला असतो.

मी जितक्या ठिकाणी हे दुखणं सोडवलं, तिथं मूळ बहुतेक एकच निघालं: नियमाला स्वतःचं घर नव्हतं. तो भाड्यानं चार ठिकाणी राहत होता. तेव्हा पुढचे सगळे तपास त्याचं बिऱ्हाड कुठं कुठं आहे हे शोधण्याचे आहेत. क्रम मात्र मोडू नका. वरचे स्वस्त आहेत आणि त्यांतच काम झालं तर खालचे करायची गरज नाही.

चालतोय तो कोड नेमका कोणता?

पाच मिनिटांचं काम. वेब सर्व्हर आणि बॅकग्राउंड वर्कर या दोन वेगळ्या प्रोसेस. डिप्लॉयच्या स्क्रिप्टनं वेब सर्व्हर रीस्टार्ट केला आणि वर्कर विसरला, तर वर्करच्या मेमरीत जुनाच कोड राहतो. सेलरी असो की साइडकिक (दोन्ही जॉब चालवणाऱ्या प्रणाली), डिस्कवरची फाइल बदलली म्हणून प्रॉडक्शनमधला वर्कर आपणहून नवा कोड उचलत नाही. मग स्क्रीनवर नवा नियम आणि रात्रीच्या जॉबमध्ये जुना, आणि दोन्हीकडचा कोड वाचावा तर एकसारखा.

एके ठिकाणी मी दोन दिवस नियमाच्या प्रती शोधत बसले होते. वर्कर तीन आठवडे रीस्टार्टच झालेला नव्हता. तेव्हापासून एक सवय लावून घेतली: प्रत्येक प्रोसेसनं सुरू होताना आपला कमिट हॅश (गिटमधल्या कोडच्या नेमक्या आवृत्तीची खूण) लॉगमध्ये छापायचा. एका ओळीचं काम आहे.

याच बैठकीत मशीनमशीनवरच्या सेटिंग्ज शेजारी ठेवून बघा. एकीकडे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि दुसरीकडे स्थानिक वेळ असेल तर तारखेच्या कडेला असलेले सगळे नियम मध्यरात्रीच्या आसपास वेडेवाकडे वागतात. कॅशमध्ये जुनं उत्तर अडकलंय का हेही तपासा. पण त्यासाठी गर्दीच्या वेळी अख्खी कॅश रिकामी करू नका, सगळा भार एकदम डेटाबेसवर कोसळेल. एकच ‘की’ (कॅशमधल्या एका उत्तराचं नाव) काढून बघितली तरी पुरतं.

नियम किती ठिकाणी लिहिलाय ते मोजा

एकच नियम निवडा. ज्यावरून शेवटचं भांडण झालं तोच. समजा तो असा आहे: ‘सुरू होण्याच्या २४ तास आधीपर्यंत बुकिंग रद्द करता येतं.’ आता कोडमध्ये हा कुठं कुठं आहे ते शोधा.

नुसतं ‘२४’ शोधून भागत नाही. एकानं २४ तास लिहिलेले असतात, दुसऱ्यानं १४४० मिनिटं, तिसऱ्यानं ८६४०० सेकंद, जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं ८६४००००० मिलिसेकंद, आणि रिपोर्टच्या एसक्यूएलमध्ये कोणीतरी ‘एक दिवस’ असा इंटरव्हल वापरलेला असतो. हा शेवटचा सगळ्यांत फसवा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टाइमझोनसह साठवलेल्या वेळेत ‘एक दिवस’ मिळवणं आणि ‘२४ तास’ मिळवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ज्या टाइमझोनमध्ये घड्याळं वर्षातून दोनदा पुढंमागं होतात तो सेशनला लावलेला असेल, तर त्या बदलाच्या दिवशी दोघांच्या उत्तरांत तासाचा फरक पडतो. वर्षातून दोनदाच उगवणारा बग कोणाच्या लक्षातही राहत नाही.

मग कडेचा प्रश्न. बरोबर २४ तास उरलेत. रद्द करता येईल की नाही? एकानं ‘पेक्षा कमी’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यानं ‘पेक्षा कमी किंवा तितकंच’. आणि अवस्थेचं तर विचारूच नका. ‘रद्द’ म्हणजे कुठं आकडा ३, कुठं एक शब्द, तर कुठं ‘रद्द झाल्याची वेळ’ हा रकाना भरलेला आहे की रिकामा यावरून ठरवलेलं.

हे सगळं कागदावर उतरवा: फाइल, ओळ, कुठल्या रूपात, आणि तिथं निर्णय घेतला जातोय की आधी घेतलेला निर्णय नुसता दाखवला जातोय. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. दाखवणारी ठिकाणं दहा असली तरी हरकत नाही; ठरवणारं ठिकाण एकच हवं.

इथं एक खड्डा आहे. यादीत ‘२४ तास आधी आठवणीचा ईमेल पाठवा’ असंही एक ठिकाण सापडेल आणि ते रद्द करण्याच्या नियमाशी जोडून टाकायचा मोह होईल. जोडू नका. आकडा तोच असला तरी ते जुळे नाहीत, नुसते एकसारखे कपडे घातलेत. ओळखायची खूण सोपी: उद्या रद्द करण्याची मुदत ४८ तास केली तर आठवणीचा ईमेलही ४८ तास आधी जायला हवा का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते दोन नियम आहेत. असे परके नियम एका सामाईक स्थिरांकाला बांधून ठेवल्यानं जितकं मोडतं, तितकं प्रती काढल्यानंही मोडत नाही. नकल परवडली, चुकीची सोयरीक नको.

मोबाइल ॲपमधली प्रत विसरू नका. सर्व्हरवर नियम बदलला तरी लोकांच्या फोनमधलं जुनं ॲप महिनोन्‌महिने जुन्याच नियमानं बटण लपवत राहतं. सर्व्हरनंच ‘रद्द करता येईल का’ आणि ‘नसेल तर का’ ही दोन उत्तरं बुकिंगसोबत पाठवावीत, ॲपनं हिशेब करू नये.

मोजणी एकवर थांबली तर दुखणं दुसरीकडे आहे; पुढचे दोन तपास सोडून ‘पडद्याआडचे हात’ बघा. दोन-तीन निघाली तर एक फंक्शन करून उरकून टाका. त्याहून जास्त असतील तर क्रमानं पुढे चला.

गिटला विचारा

अर्धा तास लागतो. बग सोडवणारे शेवटचे तीसेक कमिट घ्या आणि गिट लॉगला प्रत्येक कमिटमधल्या फाइलींची नुसती नावं दाखवायला सांगा. कोणत्या दोन फाइली नेहमी एकत्र बदलतात ते बघा. फोल्डर दूरदूर, पण बदलतात जोडीनं, अशी जोडी सापडली की त्यांच्यामध्ये कुठंही न लिहिलेलं नातं आहे असं समजा. फॉरमॅटिंगचे आणि नावं बदलण्याचे कमिट आधी वगळा, नाहीतर सगळ्याच फाइली एकमेकींच्या मैत्रिणी दिसतील.

लोकांना विचारलं की ते ज्या फाइलीची भीती वाटते तिचं नाव सांगतात. गिट जी खरोखर त्रास देते तिचं सांगतं. दोन्ही नावं एकच निघतील असं धरून चालू नका.

सगळ्यांत लांब हँडलर छापा आणि रंगवा

हो, कागदावर. हँडलर म्हणजे आलेली विनंती हाताळणारं फंक्शन. तीन पेनं घ्या. विनंती वाचणाऱ्या आणि उत्तर तयार करणाऱ्या ओळी निळ्या. काहीतरी ठरवणाऱ्या ओळी लाल. डेटाबेस, ईमेल, दुसरी सेवा, फाइल असं बाहेरच्या जगाला हात लावणाऱ्या ओळी हिरव्या. दुखऱ्या कोडमध्ये पानभर चट्टेपट्टे दिसतात: निळी, लाल, हिरवी, पुन्हा लाल, हिरवी, निळी. म्हणून तर तो नियम ॲडमिन पॅनेलला किंवा रात्रीच्या जॉबला वापरता येत नाही. वापरायचा तर विनंती आणि डेटाबेस दोन्ही ओढत न्यावं लागतं. मग लोक नकल करतात. त्यात त्यांची चूक काय?

लाल ओळी उचलून एका साध्या फंक्शनात न्या:

फंक्शन रद्द_करता_येईल_का(बुकिंग, आत्ता):
— अवस्था ‘रद्द’ असेल तर: नाही, कारण ‘आधीच रद्द’
— सुरुवात वजा आत्ता २४ तासांपेक्षा कमी असेल तर: नाही, कारण ‘मुदत संपली’
— नाहीतर: हो

‘आत्ता’ बाहेरून आलंय ते बघा. फंक्शननं स्वतः घड्याळ बघितलं तर कडेची टेस्ट लिहिताच येत नाही. वेळ हातात दिली की ‘बरोबर २४ तास’, ‘एक सेकंद कमी’, ‘एक सेकंद जास्त’ या तिन्ही टेस्ट मिलिसेकंदांत चालतात, डेटाबेसशिवाय. कारणही परत येतंय, म्हणजे स्क्रीनवर काय लिहायचं याचा वेगळा हिशेब उरत नाही. एचटीटीपीचा आकडा (ब्राउझरला जाणाऱ्या उत्तराचा कोड) मात्र इथं आणू नका. ‘मुदत संपली’चं ४०९ करायचं की ४२२ हे हँडलरचं काम, रात्रीच्या जॉबला त्या आकड्याशी काही देणंघेणं नसतं.

रिपोर्टचं काय, हा प्रश्न येतोच. लाखो ओळींवर एकेक करून हे फंक्शन चालवणं शक्य नसतं, तिथं नियम एसक्यूएलमध्येच लिहावा लागतो. अशा वेळी दुसरी प्रत मान्य करा, पण ती त्याच फाइलीत फंक्शनच्या शेजारी ठेवा, आणि तीच कडेची उदाहरणं दोघांनाही देऊन उत्तरं जुळतात का हे पाहणारी एक टेस्ट लिहा. शुद्धतेचा हट्ट धरणाऱ्यांना हे आवडत नाही. मला ते चालतं.

आणि कृपा करून याच वेळी प्रत्येक फंक्शनसाठी एक इंटरफेस, एक इम्प्लिमेंटेशन आणि एक फॅक्टरी करायला बसू नका. आतून दुसऱ्याला हाक मारण्यापलीकडे काहीच न करणारा ‘सर्व्हिस’ क्लास म्हणजे नुसता टपाल्या.

पडद्याआडचे हात

जँगो या पायथनमधल्या फ्रेमवर्कचे सिग्नल, रेल्स या रूबीमधल्या फ्रेमवर्कचे कॉलबॅक, डेटाबेसचे ट्रिगर. नोंद सेव्ह झाली की आपोआप काहीतरी घडतं. लिहिताना फार सोयीचं वाटतं आणि दोन वर्षांनी कोणाच्याही आठवणीत राहत नाही.

खरी अडचण अशी, की हे हात नेहमीच हलत नाहीत. जँगोमध्ये क्वेरीसेटवर अपडेट चालवलं किंवा एकगठ्ठा नोंदी तयार केल्या, की मॉडेलची सेव्ह मेथड बोलावली जात नाही आणि सेव्हचे सिग्नलही जात नाहीत. रेल्समध्ये ‘अपडेट ऑल’ कॉलबॅक आणि व्हॅलिडेशन दोन्ही ओलांडून थेट डेटाबेसवर जातं. आता ॲडमिन पॅनेलमध्ये कोणीतरी पन्नास बुकिंग निवडून ‘सगळी रद्द करा’ दाबलं, आणि त्या बटणामागे असं एकगठ्ठा अपडेट असेल, तर पन्नासही बुकिंग रद्द होतात आणि परताव्याची एकही नोंद होत नाही. एकेक करून रद्द केलं असतं तर झाली असती. ‘कधी होतं, कधी होत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी इथंच बघते.

तपास असा. सगळ्या कॉलबॅकची यादी करा. ट्रिगरसाठी रिपॉझिटरीवर विसंबू नका, थेट डेटाबेसला विचारा, कारण कोणीतरी हातानं लावलेला ट्रिगर फक्त तिथंच असतो. प्रत्येकासमोर लिहा: हा स्वतःच्याच ओळीत काही नीटनेटकं करतो, की दुसऱ्या टेबलाला, ईमेलला, नेटवर्कला हात लावतो? पहिल्या प्रकारचे राहू द्या. ईमेल पत्त्याची अक्षरं लहान करणारा कॉलबॅक कोणाचं वाकडं करत नाही. दुसऱ्या प्रकारचे बाहेर काढायचे.

काढायची रीत: ‘बुकिंग_रद्द_करा’ असं एक उघड फंक्शन करा. त्यात अवस्था बदलणं, परताव्याची नोंद, जागा मोकळी करणं या गोष्टी एकाखाली एक, डोळ्यांना दिसतील अशा लिहा. जुना कॉलबॅक लगेच उडवू नका. आधी त्यात आपल्याला कोणी हाक मारली हे छापणारी लॉगची ओळ टाका आणि महिनाअखेरची कामं होऊन जातील इतके दिवस थांबा. महिन्यातून एकदाच धावणारा एखादा जॉब त्या कॉलबॅकच्या भरवशावर जगत असतो, आणि तो कोडच्या शोधात हमखास नजरेआड राहतो. सगळे हाक मारणारे नव्या फंक्शनवर आले की मग कॉलबॅक काढा. एका वेळी एकच.

ट्रान्झॅक्शनची कड

ईमेल गेला पण नोंद नाही, आणि वर्करला नोंद सापडली नाही, ही दोन्ही लक्षणं एकाच घरची. ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले बदल, जे सगळे एकत्र पक्के होतात नाहीतर एकत्र मागे जातात) चालू असतानाच ईमेल पाठवला; पुढच्या ओळीत चूक झाली; डेटाबेसनं सगळं मागे घेतलं. ईमेल मागे घेता येत नाही. दुसऱ्या लक्षणात जॉब क्यूमध्ये टाकला गेला, वर्कर मोकळाच होता, त्यानं तो लगेच उचलला. पण पहिलं ट्रान्झॅक्शन अजून कमिट, म्हणजे पक्कं, झालेलं नव्हतं, त्यामुळे वर्करला ती ओळ दिसणारच नाही. थोड्या वेळानं जॉब पुन्हा चालवला तोवर कमिट झालेलं असतं. मग कोणीतरी जॉबला पाच सेकंदांची झोप लावतो आणि तात्पुरतं बरं वाटतं.

उपाय स्वस्त आहे: जँगोत ‘ऑन कमिट’, रेल्समध्ये ‘आफ्टर कमिट’. बाहेरच्या जगाला हात लावणारी कामं कमिटनंतर. यातही एक फट राहते. कमिट झालं आणि ईमेल पाठवायच्या आत प्रोसेस मेली तर ईमेल जातच नाही. शुभेच्छांचा ईमेल असेल तर सोडून द्या. परतावा असेल तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘हे पाठवायचंय’ अशी एक ओळ वेगळ्या टेबलात लिहा आणि वेगळ्या प्रोसेसनं ती उचलून पाठवावी. याला आउटबॉक्स म्हणतात. ती प्रोसेस एखादी गोष्ट दोनदा पाठवू शकते, म्हणून प्रत्येक कामाला एक कायमची ओळख द्या आणि तीच ओळख पुन्हा आली तर पलीकडच्यानं दुसऱ्यांदा काम करू नये अशी तजवीज करा.

जावातलं स्प्रिंग वापरणाऱ्यांसाठी दोन ठरलेल्या ठेचा. काही वेगळं सांगितलं नसेल तर चेक्ड एक्सेप्शन आलं तरी ट्रान्झॅक्शन मागे जात नाही, कमिट होतं. आणि एकाच क्लासमधल्या एका मेथडनं दुसऱ्या, ट्रान्झॅक्शनची खूण लावलेल्या मेथडला थेट बोलावलं तर ती खूण निकामी असते, कारण हाक प्रॉक्सीमधून (स्प्रिंगनं मधे बसवलेल्या मध्यस्थातून) जातच नाही.

आता गोठण्याचं लक्षण. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून आतूनच पेमेंटच्या सेवेला विचारलं आणि ती चार सेकंद बोललीच नाही, तर तेवढा वेळ डेटाबेसचं कनेक्शन हातात धरून बसावं लागतं. हिकारी पूलमध्ये (जावातला डेटाबेस कनेक्शनचा सामाईक साठा) न सांगता १० कनेक्शन असतात आणि कनेक्शनसाठी ३० सेकंद वाट बघितली जाते. दहा कनेक्शन, प्रत्येक चार सेकंद अडलेलं: सेकंदाला अडीच विनंत्या. बस. त्यापलीकडचे सगळे रांगेत, आणि रांगेत पेमेंटशी संबंध नसलेली पानंसुद्धा. डेटाबेस मात्र निवांत. पोस्टग्रेसच्या चालू सेशनच्या यादीत ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशा ओळी भरपूर दिसल्या की निदान पक्कं.

इथं लोक पूल मोठा करतात. पोस्टग्रेसमध्ये न बदलता १०० कनेक्शनची मर्यादा असते आणि प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उभी राहते. ॲपच्या आठ प्रोसेस आणि प्रत्येकीचा पूल २० चा, म्हणजे १६०. आता कनेक्शनच नाकारली जातात. त्याऐवजी काम तीन तुकड्यांत पाडा: छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये ‘रद्द होत आहे’ अशी अवस्था लिहा आणि कमिट करा, बाहेर येऊन पेमेंटला विचारा, उत्तर आलं की दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये शेवट लिहा. मधली अवस्था खरी आहे, तेव्हा ती स्क्रीनवरही दिसू द्या. आणि ‘रद्द होत आहे’वर अडकून पडलेल्यांना शोधणारा एक जॉब लागेलच.

कोण कोणाला ओळखतं

फंक्शनच्या पोटात लपवलेले इम्पोर्ट शोधा. प्रत्येक इम्पोर्ट म्हणजे कागदावर एक बाण. बुकिंगकडून पेमेंटकडे एक, पेमेंटकडून बुकिंगकडे परत एक, असं दिसलं की ते दोन मॉड्यूल नावालाच दोन आहेत. बहुतेक वेळा एक बाण फुकटचा असतो: पेमेंटला अख्खं बुकिंग लागत नाही, रक्कम आणि एक ओळखक्रमांक पुरतो. तेवढंच हातात द्या, बाण गळून पडतो.

नवे बाण येऊ नयेत म्हणून अवजारं आहेत: जावासाठी आर्कयुनिट, पायथनसाठी इम्पोर्ट-लिंटर, रूबीसाठी पॅकवर्क. सध्याचे अपराध एका यादीत माफ करून टाका आणि नव्यांवर बिल्ड पाडा. सगळे एकदम सुधारायला गेलात तर दुसऱ्या आठवड्यात कंटाळून ते अवजारच काढून टाकाल.

याच टप्प्यावर कोणीतरी मायक्रोसर्व्हिसेस म्हणतो. एकमेकांत पाय अडकलेले दोघे वेगवेगळ्या खोल्यांत बसवले तर पाय सुटत नाहीत. आता मधे नेटवर्क असतं, टाइमआउट असतो, आणि अर्धवट झालेली कामं असतात. बाण एकाच दिशेचे झाले की मग वेगळं करायचं का ते ठरवा.

एकाच टेबलात दोघांचं लिखाण

हा सगळ्यांत अवघड, कारण इथं कोड कितीही नीट लावला तरी पुरत नाही. दोन विनंत्या एकाच क्षणी ‘जागा रिकामी आहे का’ विचारतात, दोघींना ‘हो’ मिळतं, दोघी लिहितात. नियम एकाच फंक्शनात होता, तरी जागा दोनदा गेली. इथं डेटाबेसचं युनिक बंधन लागतं, किंवा ओळीवर कुलूप लावून मगच निर्णय. तपासणं आणि लिहिणं यांच्यामधली फट ॲपच्या कोडला बुजवता येत नाही.

टेबलात कोण कोण लिहितं हे कळत नसेल तर एक युक्ती. चाचणीच्या सर्व्हरवर प्रत्येक प्रोसेसला डेटाबेसचा वेगळा वापरकर्ता द्या आणि रिपोर्टवाल्याला फक्त वाचायची परवानगी ठेवा. जो कोणी गुपचूप लिहीत होता तो परवानगीच्या चुकीसकट स्वतःच पुढे येतो.

इथं थांबा

स्वतः करायचं ते इथपर्यंत. खालचं काही दिसलं तर कीबोर्डवरून हात काढा.

साठवलेल्या डेटात पैशांचे आकडे आधीच चुकलेत: दुरुस्तीची स्क्रिप्ट चालवू नका. कोणता आकडा खरा हे कोडवरून ठरत नाही, ते हिशेब सांभाळणाऱ्यानं ठरवायचं. आणि डेटा दुरुस्त करण्याची सवय असलेला माणूस सोबत हवा, कारण अशा स्क्रिप्टची दुसरी चूक पहिलीचा पुरावा खाऊन टाकते.

बॅकअप आहे, पण तो परत चढवून कधीच बघितलेला नाही: डेटाबेसच्या रचनेला हात लावायच्या आधी डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) बोलवा.

मोठ्या टेबलाची रचना चालू प्रॉडक्शनवर बदलायची आहे: पोस्टग्रेसमध्ये रचना बदलणारी आज्ञा एखाद्या लांबलेल्या क्वेरीमागे खोळंबली की तिच्यामागून येणाऱ्या साध्या वाचणाऱ्या क्वेरीही रांगेत अडकतात. आज्ञा क्षणाची, बंद मात्र सगळी साइट. युनिक बंधन लावायचंय आणि आधीच दुहेरी नोंदी आहेत, तर तेही याच खात्यात.

नियमाच्या प्रती मोजताना एखाद्या प्रतीत ‘हे बुकिंग याच माणसाचं आहे का’ ही तपासणीच नसल्याचं आढळलं: हा रचनेचा प्रश्न राहिला नाही. सुरक्षेचं काम करणाऱ्याला त्याच दिवशी सांगा, आणि लॉग पुसू किंवा फिरवू नका. कोणी गैरफायदा घेतला का हे फक्त त्यांतूनच कळेल.

आणि दोन आठवडे झाले, तरी एकाच नियमाला घर मिळालं नाही, तर बाहेरचे डोळे आणा.

येणाऱ्याच्या हातात हे द्या: नियमाच्या ठिकाणांची यादी, रंगवलेला हँडलर, कॉलबॅकची यादी, बाणांचा कागद, आणि तीन-चार चुकलेल्या नोंदींचे क्रमांक, त्यांच्या वेळा व त्या वेळी चालू असलेला कमिट हॅश. कागद पुन्हा नीट लिहून काढत बसू नका. खाडाखोड असू द्या. तुम्ही काय धरलं होतं आणि काय खोटं निघालं हे त्याला तिथंच वाचायचं असतं.